रेस दिली तरी गाडी उचलत नाही



या कार्यक्रमात गाडीसाठी कर्ज कसं काढायचं, विमा कसा उतरवायचा, हप्ता कसा फेडायचा यावर बोलणं झालेलं आहे. पण गाडी दारात आल्यावर ती बिघडते, यावर अजून कुणी बोललेलं नाही. आज आम्ही एकाच बिघाडावर बोलणार आहोत. पाय पूर्ण खाली दाबला, म्हणजे ड्रायव्हर लोकांच्या भाषेत रेस दिली, तरी गाडी उचलत नाही. इंजिन चालू आहे, बंद पडलेलं नाही, पण गाडी ऐकत नाही.

हाच बिघाड निवडला त्याला कारण आहे. टायर पंक्चर झालं तर सगळ्यांना दिसतं. बॅटरी उतरली तर गाडी चालूच होत नाही, तेही कळतं. हा बिघाड मात्र बाहेरून दिसत नाही, कधी येतो कधी जातो, आणि त्यामागे दहा वेगवेगळी कारणं असू शकतात. त्यामुळे गॅरेजमध्ये अंदाजाने एकेक सुटा भाग बदलला जातो, प्रत्येक भागाचं बिल आपल्यालाच येतं आणि गाडी पुन्हा तशीच. आणखी एक गोष्ट होते. गाडी बाई चालवत असेल तर पहिला संशय गाडीवर जात नाही, बाईच्या पायावर जातो.

आधी पेडल काय काम करतं ते थोडं समजून घेऊ. जुन्या गाड्यांमध्ये पेडलपासून इंजिनपर्यंत एक लोखंडी केबल असायची. विहिरीवरच्या दोरासारखं समजा. दोर ओढला की बादली हलणार. पाय दाबला की केबल ओढली जायची आणि इंजिनाकडची झडप उघडायची. अशा गाडीत तपासणी सोपी असते. इंजिन बंद ठेवून एकीने केबिनमध्ये बसून पेडल दाबायचं, दुसरीने इंजिनाकडे बघायचं. तिकडची दांडी पूर्ण हलते का? अर्धीच हलते का? हलत नसेल तर केबल तुटली, सैल झाली किंवा अडकली. पेडलखाली मॅट दुमडून गेली असेल तरीही पेडल पूर्ण खाली जात नाही. हे सगळ्यात आधी बघायचं, कारण त्याला पैसे लागत नाहीत.

आता बहुतेक गाड्यांत ती केबल नाही. पेडलच्या वरच्या बाजूला सेन्सर असतो. पाय किती दाबला हे तो विजेच्या इशाऱ्याने इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो. म्हणजे आपण दोर ओढत नाही, निरोप धाडतो. किती डिझेल सोडायचं, किती हवा घ्यायची, हे कॉम्प्युटर ठरवतो. निरोप चुकीचा गेला तर गाडी भलतीकडे पळेल, म्हणून बनवणाऱ्यांनी एक सोय केलेली असते. पेडलमध्ये एक नाही, दोन सेन्सर असतात आणि दोघे वेगवेगळ्या वायरींवरून निरोप पाठवतात. बऱ्याच गाड्यांत एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्मा ठेवलेला असतो. कॉम्प्युटर दोन्ही आकडे सारखे ताडून बघत असतो.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. गटाचं कॅशबुक आणि बँकेचं पासबुक जुळलं नाही तर आपण काय करतो? जुळेपर्यंत मोठा व्यवहार थांबवतो. किरकोळ चालू ठेवतो, पण कर्जवाटप नाही. गाडीचा कॉम्प्युटर तेच करतो. दोन निरोप जुळले नाहीत की तो डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लावतो आणि इंजिनाची ताकद आवळून धरतो. कितीही पाय दाबा, गाडी बैलगाडीच्या चालीने सरकते. मिस्त्री लोक याला लिम्प मोड म्हणतात, लंगडत घरी जाण्याची सोय. बऱ्याच गाड्यांत चावी बंद करून पुन्हा चालू केली की दोन्ही निरोप नव्याने तपासले जातात, आणि तेवढ्यापुरते ते जुळले तर गाडी पुन्हा नीट पळते. मग गॅरेजमध्ये नेल्यावर मिस्त्री म्हणतो, "काही नाही हो, एकदम ओके आहे."

आता आमच्या गाडीचं सांगतो. वाई तालुक्यातल्या आमच्या ग्रामसंघाने कर्जावर एक छोटी मालवाहू डिझेल गाडी घेतली. पहाटे गटांच्या शेतातली भाजी गोळा करायची आणि पसरणी घाट चढून पाचगणीला एका निवासी शाळेच्या भोजनगृहात साडेसहाच्या आत पोचवायची, हे मुख्य काम. येताना कधी रिकामी, कधी हंगामात स्ट्रॉबेरीचे ट्रे. हप्ता महिन्याला ९,४०० रुपये. गाडी चालवणारी आमच्याच एका गटातली ताई. परवाना काढून, वर्षभर दुसऱ्याच्या गाडीवर हात बसवून मग तिने ही जबाबदारी घेतली. तिच्या घरात तो एकच नियमित पगार.

पावसाळा संपता संपता गाडीने हा खेळ सुरू केला. मधेच ताकद जायची. घाटाच्या एका वळणावर मागे भरलेला ट्रक, वर चढ, आणि गाडी पाय दाबून उचलत नाही, अशी वेळ ताईवर आली. तिने गाडी डावीकडे घेतली, हँडब्रेक लावला, शेजारी बसलेल्या बाईने उतरून चाकामागे दगड लावला. अपघात झाला नाही. भाजी मात्र सव्वासातला पोचली आणि शाळेच्या कोठीवाल्याने सांगितलं की असं आणखी दोनदा झालं तर दुसरा माणूस बघू.

गावात चर्चा काय सुरू झाली ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. "बाईचा पाय आहे, चढावर गिअर उशिरा टाकत असेल." "घाबरते ती." आमच्या मासिक बैठकीतसुद्धा दोन गटांनी मांडलं की गाडी एखाद्या पुरुष ड्रायव्हरकडे द्यावी. ताई तिथेच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "द्या. पण आधी गाडीला काय झालंय ते शोधा, नाहीतर त्याचाही जीव जाईल."

पहिल्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने पाच मिनिटं गाडी फिरवली आणि म्हणाला, "ताई, डिझेल पंप गेलाय. टाकून घ्या, पुन्हा बघायला नको." अंदाज २२,००० रुपये. आम्ही विचारलं, "दादा, पंपच गेला हे कशावरून?" तो म्हणाला, "पंधरा वर्षं हेच करतोय." अनुभवाला आम्ही कमी लेखत नाही. पण पंधरा वर्षं हे उत्तर झालं नाही. आमच्या गटात कुणी म्हणालं की मला दहा वर्षं झाली, मला पावती मागू नका, तर आपण चालवून घेऊ का?

बैठकीत ठरलं, २२,००० लगेच द्यायचे नाहीत. तीन आठवडे नोंद ठेवायची. गटाच्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र आहे, नियमित नोंदी. बचतीच्या नोंदी ठेवतो तशाच गाडीच्या ठेवायच्या. केबिनमध्ये सुतळीने एक वही बांधली. बिघाड झाला की गाडी थांबवल्यावर लिहायचं: वेळ, जागा, चढ की सपाट, माल भरलेला की रिकामा, डिझेल किती, इंजिन गार होतं की तापलेलं, कुठला दिवा लागला, धूर कसला, आणि गाडी पुन्हा नीट कशाने झाली. ताई सातवी शिकलेली. ती शब्दांऐवजी खुणा करायची, चढाला तिरकी रेघ, सपाटाला आडवी. आम्हाला त्या वाचता येत होत्या, बस झालं.

तीन आठवड्यांत सात नोंदी झाल्या. आम्ही त्या बैठकीत सतरंजीवर वही उघडून वाचल्या. पाच वेळा गाडी भरलेली, दोन वेळा रिकामी. टाकी एकदा जवळजवळ भरलेली, तीनदा अर्धी, बाकी वेळा कमी. चार वेळा चढ, दोनदा सपाट, आणि एकदा तर उतार संपताना. इंजिन कधी गार, कधी तापलेलं. म्हणजे यातल्या कशाचाच मेळ लागत नव्हता. मेळ तीन गोष्टींचा लागत होता. सातही वेळा गाडी नुकतीच खराब रस्त्यावरून गेली होती, ओढ्यावरच्या मोरीजवळचे खड्डे नाहीतर गतिरोधकाच्या पट्ट्या. सातही वेळा पिवळा दिवा लागला. आणि सातही वेळा चावी बंद-चालू केल्यावर गाडी सुधारली.

आणि हो, त्यातली सहावी नोंद ताईची नव्हती. ती दोन दिवस माहेरी लग्नाला गेली होती आणि गाडी तिच्या चुलत दिराने चालवली होती. मोरी ओलांडली आणि गाडी त्याच्याही पायाला ऐकेना. त्या ओळीवर बैठकीत कुणी काही बोललं नाही. पुढचं पान उलटलं.

आता या नोंदींवरून पंपाचं काय होतं? डिझेलचा पुरवठा कमी पडत असेल, म्हणजे फिल्टर तुंबलाय, पंप थकलाय, तर तो केव्हा कळेल? जेव्हा इंजिनाला जास्त डिझेल हवं तेव्हा. भरलेली गाडी, चढ, पूर्ण दाबलेला पाय. घरी पाणी कमी दाबाने येत असेल तर एक नळ चालतो, दोन उघडले की धार बारीक होते, तसं. रिकामी गाडी सपाटावर, उताराच्या शेवटी ताकद सोडते आणि चावी फिरवली की लगेच बरी होते, हे डिझेल कमी पडल्याचं लक्षण वाटत नाही. खड्ड्याने सुरू होणारा आणि चावीने जाणारा बिघाड म्हणजे कुठेतरी हलणारी वायर किंवा सैल कपलर, हा संशय धरायला जागा होती.

मग आम्ही वही घेऊन दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो, जिथे स्कॅनर होता. स्कॅनर म्हणजे मोबाइलएवढं किंवा थोडं मोठं यंत्र. नव्या गाड्यांत स्टिअरिंगच्या आसपास डॅशबोर्डखाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात ते लावतात. दिवा का लागला याची नोंद कॉम्प्युटरने सांकेतिक आकड्यात ठेवलेली असते, ती यावर वाचता येते. आमच्या गाडीत आकडा निघाला पी २१३८. त्याचा अर्थ, पेडलच्या दोन सेन्सरांचे निरोप एकमेकांशी जुळत नाहीत.

मैत्रिणींनो, आता नीट ऐका, कारण पैसे इथेच जातात. या मिस्त्रीने लगेच सांगितलं, "पेडल बदलावं लागेल, अख्खं येतं, साडेसहा हजार." ऐकायला बरोबर वाटतं. पण आकडा काय म्हणतो? निरोप जुळत नाहीत, एवढंच म्हणतो. निरोप देणारा चुकला की वाटेत बिघडला, ते आकडा सांगत नाही. पेडल खराब असेल, कपलरच्या पिना गंजल्या असतील, वायर तुटली असेल, क्वचित कॉम्प्युटरमध्येच दोष असेल. कॅशबुक आणि पासबुक जुळलं नाही म्हणून आपण लगेच सचिव बदलत नाही. आधी पावत्या तपासतो.

आम्ही म्हटलं, "दादा, नवीन पेडल आणायच्या आधी वायर हलवून बघता का?" त्याला राग आला नाही, हे त्याचं मोठेपण. चावी ऑन, इंजिन बंद. स्कॅनरवर दोन्ही सेन्सरांचे चालू आकडे लावले. ताईने पेडल हळूहळू दाबलं, हळूहळू सोडलं. दोन्ही आकडे गुळगुळीत वर गेले, खाली आले. म्हणजे सेन्सर मधेच अडखळत नव्हता. मग ताईने पाय एका जागी स्थिर ठेवला आणि मिस्त्रीच्या मदतनिसाने डॅशबोर्डखाली वाकून वायरींचा जुडगा हाताने हलवला. कपलरजवळ हलवला, काही नाही. वीतभर वर, पत्र्याला वळसा घालतो तिथे हलवला आणि एक आकडा धपकन शून्याजवळ आला. पुन्हा हलवला, पुन्हा तसंच.

तिथली टेप सोडली तर आत उंदराने कुरतडलेलं. दोन वायरींचं आवरण खाल्लेलं, त्यातल्या एकीची तांब्याची चार-दोन तारच शिल्लक. खड्ड्यात गाडी आदळली की ती सुटायची किंवा पत्र्याला टेकायची. गाडी रात्री धान्याच्या गोदामाशेजारी उभी असते, त्यामुळे उंदीर आला कुठून हा प्रश्नच नव्हता. वायर कापून जोड दिला, झाळून घेतला, वर आवरणाची नळी तापवून बसवली, जुडगा पत्र्यापासून लांब बांधला. स्कॅनरच्या तपासणीसह बिल ४५० रुपये. दिवा त्यानंतर लागलेला नाही. ताई अजून गाडी चालवते आहे.

उंदरांसाठी काय केलं, असं बऱ्याच जणी विचारतात. केबिनमध्ये भाजीचा पाला, डबा, शेंगांची टरफलं रात्री ठेवायची नाहीत, गाडी गोदामापासून लांब मोकळ्या जागेत लावायची, आणि दर पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली लेंड्या दिसतात का बघायचं. डांबराच्या गोळ्यांवर आमचा फारसा विश्वास नाही. बंद केबिनमध्ये त्याचा वास माणसालाच चढतो.

आता हे सगळं सांगितलं म्हणून तुमच्या गाडीतही वायरच असेल असं धरून बसू नका. आमच्या वहीने आम्हाला वायरीकडे नेलं, तुमची वही दुसरीकडे नेईल. वेगवेगळी कारणं कशी ओळखायची, ते सांगतो.

सगळ्यात पहिला प्रश्न: पाय दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो की नाही? काटा असेल तर काटा बघा, नसेल तर कान पुरे आहेत. आवाज वाढतो, इंजिन ओरडतं, पण गाडी त्या मानाने पळत नाही, तर पेडल आणि इंजिन ठीक आहेत, ताकद चाकापर्यंत पोचत नाही. बहुधा क्लच प्लेट घासली गेली. चढावर जळका वास येतो. तपासायची एक पद्धत आहे. सपाट जागा, समोर कुणी नाही, हँडब्रेक घट्ट. गाडी चालू करून तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडलं तर क्लच पकडतोय. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन मजेत चालू राहिलं तर क्लच घसरतोय. ही तपासणी एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर उरलेली प्लेटही जाईल.

आवाज वाढतो पण गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी वाटते, तर ब्रेक चिकटलेत का बघा. थोडं चालवून थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू नका, भाजेल. एकच चाक जास्त तापलं असेल तर उत्तर मिळालं. हँडब्रेक अर्धवट राहतो, हेही होतं.

आवाजच वाढत नसेल, आणि मागे काळा धूर निघत असेल, तर डिझेल जातंय पण हवा कमी पडतेय. एअर फिल्टर धुळीने भरलाय का बघा, आपल्याकडच्या ऊसतोडीच्या रस्त्यांवर तो फार लवकर भरतो. टर्बोची गाडी असेल तर त्याचा रबरी पाइप फाटलाय किंवा निसटलाय का बघा, जोरात हवा सुटल्याचा फुसफुस आवाज येतो. धूर नाही, पण भरलेल्या गाडीने चढावर दम सोडला आणि सपाटावर ठीक, तर डिझेल फिल्टर. त्यात पाणी साचतं, बऱ्याच गाड्यांत ते काढायला खाली स्क्रू असतो. पंपापर्यंत जायच्या आधी फिल्टर. तो पंपाच्या मानाने फारच स्वस्त.

सीएनजीची गाडी असेल तर फार सोपी युक्ती आहे. बटण दाबून पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलवर नीट पळाली तर पेडल, क्लच, ब्रेक सगळे सुटले, दोष गॅसच्या बाजूला. दोन्हीवर तशीच, तर दोष दोन्हीला सामाईक असलेल्या भागात. एका मिनिटात अर्धी यादी खोडली जाते.

एक छोटासा भाग बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे ब्रेकच्या पेडलवरचा स्विच. सेन्सरवाल्या अनेक गाड्यांत ब्रेक आणि रेस एकदम दाबली तर कॉम्प्युटर ब्रेकचं ऐकतो आणि ताकद कमी करतो. तो स्विच बिघडून दाबलेलाच राहिला तर कॉम्प्युटरला वाटतं पाय सतत ब्रेकवर आहे. ओळखायचं कसं? पाय ब्रेकवर नसताना मागचे लाल दिवे पेटलेले आहेत का, एकीला मागे उभं करून बघा.

आणि १ एप्रिल २०२० पासून विक्रीला आलेल्या बीएस ६ गाड्यांबद्दल. यातल्या अनेक डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी सलग काही वेळ बऱ्या वेगाने चालली की आत उष्णता वाढते आणि काजळी जळून जाते. आपली गाडी दिवसभर या वाडीतून त्या वाडीत दोन-दोन किलोमीटर करते, ती काजळी जळतच नाही. मग त्याचा वेगळा दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद आवळते. दिवा लागल्यावर काय करायचं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, बहुतेक वेळा मोकळ्या रस्त्यावर सलग चालवायला सांगतात. पुस्तिका कपाटात ठेवू नका, गाडीत ठेवा. आणि दिव्यांच्या चित्रांचं पान गाडी चालवणारीला एकदा वाचून दाखवा.

गॅरेजमध्ये बोलताना आम्ही आता तीन गोष्टी विचारतो. स्कॅनर लावला असेल तर आकडा कागदावर लिहून द्या, पुसायच्या आधी. हा भाग खराब आहे हे कशावरून, मला दाखवा. आणि बदललेला जुना भाग आम्हाला परत द्या. हे भांडायच्या आवाजात विचारायचं नाही. चांगल्या मिस्त्रीला हे प्रश्न आवडतात, त्याला चहा पाजून विचारा, तो चार गोष्टी जास्त सांगेल. ज्याला आवडत नाहीत त्याच्याकडे आम्ही पुन्हा जात नाही.

पिवळा दिवा पुसून टाकणं ही दुरुस्ती नाही, हेही सांगून ठेवतो. काही ठिकाणी स्कॅनरने दिवा घालवतात, दोनशे रुपये घेतात आणि गाडी देतात. दिवा जातो, कुरतडलेली वायर तिथेच राहते.

शेवटी, रस्त्यात ही वेळ आली तर. गाडी चालत असताना चावी बंद करू नका. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत संपते, उतारावर ते फार महागात पडेल. चारही इंडिकेटर लावा, मिळेल त्या ताकदीवर डावीकडे सरका, वळणाच्या पुढे सरळ जागा मिळाली तर तिथे. थांबल्यावर हँडब्रेक, मग इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. शेजारची उतरून चाकाला दगड लावेल आणि मागे त्रिकोण ठेवेल. आमच्या गाडीत आता दोन लाकडी ठोकळे कायम असतात, सुताराने फुकट दिले. मग शांतपणे तीसपर्यंत आकडे मोजून पुन्हा चालू करा. गाडी नीट चालली तरी वहीत लिहा आणि त्याच दिवशी दाखवा. घाट चढायचा बाकी असेल तर चढू नका, भाजी दुसऱ्या गाडीने जाईल. आमच्या ग्रामसंघाने आता शाळेला लिहून दिलंय की अशा दिवशी उशीर होईल, आणि फोन आम्ही आधी करू. कोठीवाल्यांनी ते मान्य केलं आहे.

कुणाला वहीचे रकाने कसे आखायचे ते बघायचं असेल तर पुढच्या प्रभाग संघाच्या बैठकीला आम्ही आमची वही घेऊन येणार आहोत. ताईच्या खुणा समजल्या नाहीत तर तिलाच विचारा, ती गाडी घेऊन बाहेर उभी असेल.